गुरुबसप्पाच्या पायातला फुगा

सोलापुरात सात रस्त्याजवळ सायकलचं दुकान असलेला गुरुबसप्पा पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं वापरत नसे. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती मिशीखालून हळूहळू फिरवायची आणि जिथं मिशीचा केस हलला तिथं खडूनं फुली मारायची, ही त्याची रीत. पाण्यात बुडबुडे बघत बसणारे बाकीचे मिस्त्री त्याच्या लेखी आंधळेच. "हवा दिसत नसती बे, कळती," असं तो गिऱ्हाईकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक बहुतेक वेळा अक्कलकोट रोडच्या लूमवर पाळीला उशीर झालेला कामगार असायचा, त्यामुळं तो मुकाट मान डोलवायचा. तीस वर्षांत एकही पंक्चर आपल्या मिशीतून सुटलेलं नाही, असं गुरुबसप्पाचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढायला कुणाला वेळ नव्हता.

पण या माणसाची खरी शान दुकानात दिसायची नाही. ती वर्षातून एकदा, संक्रांतीच्या दिवसांत, भर रस्त्यात दिसायची. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. सोलापूरकर त्यांना नुसती काठी म्हणून मोकळे होतात, पण ती काठी दोन मजली घराच्या वर जाते, खालपासून वरपर्यंत सजवलेली असते, आणि ती एका माणसानं कमरेच्या पट्ट्यात टेकवून, दोन हातांनी तोलून, अनवाणी चालत न्यायची असते. थोडं अंतर झालं की दुसरा पुढं होतो. त्यातला चारशे पावलांचा एक टप्पा गुरुबसप्पाच्या वडिलांकडं होता आणि वडिलांमागं त्याच्याकडं आला होता. या चारशे पावलांसाठीच आमचा माणूस वर्षभर जेवतो, असं त्याची बायको ईरम्मा सांगायची. त्यात फारसं खोटं नव्हतं.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी गुरुबसप्पा अचानक फार माणूसवेडा झाला. घरून दुकानाकडं निघाला की दीडशे-एकशेसाठ पावलांवर हारवाल्याच्या दुकानापाशी थांबायचा. "काय, मुलीचं जमलं का?" मग पुढं पिठाच्या गिरणीपाशी. "आईचा गुडघा काय म्हणतोय?" मग शिंप्यापाशी, मग भांड्याच्या दुकानापाशी. सगळ्या रस्त्याला कौतुक वाटू लागलं. जो माणूस आजवर मान वर करून नमस्कार घेत नव्हता, तो आता घरच्या म्हाताऱ्यांची नावानिशी चौकशी करतो म्हणजे काय! हारवाल्यानं निष्कर्ष काढला की हा येत्या निवडणुकीला उभा राहणार. गिरणीवाल्यानं मत देण्याचं कबूल करून टाकलं. शिंप्यानं तर उभं राहताना लागेल म्हणून खादीच्या सदऱ्याचं मापही घेतलं.

खरं काय होतं ते एकट्या गुरुबसप्पाला माहीत होतं. एकशेसाठ पावलं झाली की डावी पोटरी आतून कुणी पिळावी तशी आवळून यायची, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की आपोआप सुटायची. भर रस्त्यात पोटरी धरून उभं राहण्यापेक्षा कुणाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केलेली काय वाईट? पण त्याची खरी काळजी वेगळीच होती. एकशेसाठ म्हणजे चारशे नव्हेत, हा साधा हिशेब त्याला झोपू देत नव्हता.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीला व्हायचं ते झालं. काठी त्याच्या हातात होती, हलग्या वाजत होत्या, आणि कसाबसा निम्मा टप्पा ओढल्यावर पोटरी गच्च आवळली. पाय जागीच थिजला. काठी डावीकडं कलली, वरचा शेंडा विजेच्या तारेच्या दिशेनं झुकला, आणि रस्त्यावरच्या हजारो माणसांनी एकदम श्वास रोखला. निंगप्पा हा शेजारचा ताकदवान गडी धावला, त्यानं काठी स्वतःच्या कमरेला घेतली म्हणून निभावलं. काठी पडली नाही, पण कलली हे सगळ्या गावानं पाहिलं. त्या दिवशी गुरुबसप्पाकडं कुणी रागानं बघितलं नाही, सगळ्यांनी दयेनं बघितलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

काठीच्या पथकाचे वडीलधारे होते धुळाप्पा अण्णा. सत्तरी ओलांडलेले, आवाज चढवायची कधी गरज न पडलेले. ते दुसऱ्या दिवशी घरी आले, चहा घेतला, आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "गुरुबसा, तुझा बा गेला तवा ह्यो टप्पा मीच तुज्या हाती दिला की न्हाय? आता पुढच्या साली पाय नीट असला तर घे. नसला तर निंगप्पा हाय."

ईरम्मानं त्याच दिवशी नवऱ्याला धरून सात रस्त्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. म्हणजे नेलं ते चार ठिकाणी थांबत, चौघांच्या आईबापांची चौकशी करत. डॉक्टरांनी दोन्ही पावलं हातात घेतली. उजवं कोमट, डावं गार. घोट्याच्या आतल्या बाजूला बोट दाबून ते बराच वेळ नाडी शोधत बसले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "बिड्या किती?"

"दोन बंडलं."

"आठवड्याला?"

"अवो, रोजची की!" ईरम्मानं उत्तर दिलं. इतकी वर्षं सांगायची राहिलेली गोष्ट तिनं अशा जोरात सांगितली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

मांडीतली रक्ताची नळी आतून गंजून बारीक झाली होती. खाली रक्त पोचत नव्हतं, म्हणून चालायला लागलं की पोटरी उपाशी पडून आरडाओरडा करायची. औषधं झाली, महिने गेले, फरक पडेना. मोठं ऑपरेशन करून दुसरी नळी जोडतात, पण ते डॉक्टरांनाच नको वाटत होतं. शेवटी त्यांना आपल्याबरोबर शिकलेला एक मित्र आठवला. तो परदेशात राहून नुकताच मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आला होता, आणि न कापता नळी उघडायची नवीनच विद्या शिकून आला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. सप्टेंबरात गुरुबसप्पा आणि ईरम्मा मुंबईच्या गाडीत बसले.

मुंबईचे डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. जांघेतून एक बारीक नळी आत घालायची, तिच्या टोकाला एक इवलासा फुगा असतो, तो अडलेल्या जागी नेऊन फुगवायचा, म्हणजे आतली घाण कडेला दाबली जाते आणि वाट मोकळी होते. गुरुबसप्पा सावरून बसला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा डॉक्टर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत होता.

"फुग्यात किती पौंड?" त्यानं विचारलं.

डॉक्टर चमकले. हा प्रश्न त्यांना मुंबईत कुणी विचारला नव्हता. मनातल्या मनात आकडेमोड करून ते म्हणाले, "साठ-सत्तर पौंड तरी."

"बाबाबाबा! मागच्या टायराला बी इतकी भरत न्हाय आमी." आणि ईरम्माकडं वळून म्हणाला, "माणूस कामाचा हाय."

मग त्यानं खरा प्रश्न विचारला. गुण येणार का? डॉक्टरांनी थापा मारल्या नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ते म्हणाले, "हे नवीन आहे, काका. दहा जणांना केलं तर आठ-नऊ जणांची वाट मोकळी होते. दोन वर्षांनी बघितलं तर त्यातल्या सातेक जणांची उघडी असते. बाकीच्यांची परत बंद होते. तुम्ही सातात की तीनात, ते मला आज सांगता येणार नाही."

"मी सातात यावं म्हणून मी काय करायचं?"

"बिडी सोडायची आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं." असं म्हणून त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड त्याच्या हातात दिलं. "तीन महिन्यांनी यावर एवढंच लिहून पाठवा, किती पावलांवर दुखतं. मलाही शिकायचंय."

गुरुबसप्पानं खिशातलं बिडीबंडल काढलं आणि तिथंच खिडकीतून बाहेर टाकलं. खालून कुणीतरी ओरडलं. ईरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पदरानं न पुसता तसंच राहू दिलं.

प्रत्यक्ष दिवशी सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. गुरुबसप्पानं सगळं काढलं, पण गळ्यातलं इष्टलिंग काढायला तो तयार होईना. डॉक्टर म्हणाले, राहू दे, मुठीत धरा. जांघेत भुलीची सुई दिली तेवढीच दुखली. तो जागाच होता. पडद्यावर स्वतःच्या मांडीतल्या नळीचं चित्र त्याला दिसलं, आणि मध्येच ती नळी सुतासारखी बारीक झालेली पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं मोठं पंक्चर आणि आपल्याला वर्षभर सापडलं नाही! डॉक्टर म्हणाले, "आता फुगवतोय, काका." मांडीत दडपल्यासारखं झालं. गुरुबसप्पानं डोळे गच्च मिटले, मूठ आवळली आणि ओम नमः शिवाय सुरू केलं ते थेट कुणीतरी खांदा हलवेपर्यंत. डोळे उघडून बघतो तर पडद्यावर काही नव्हतं, नळ्या-बिळ्या आवरल्या होत्या, आणि डॉक्टर जांघेवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून उभे होते.

"हे काय?"

"भोक बंद व्हायला हवं ना. वीस मिनिटं दाबून धरायचं."

गुरुबसप्पाला अतोनात समाधान वाटलं. आत फुगा बसवला, भोकावर पॅच लावला, आणि आता सोल्युशन सुकेपर्यंत दाबून धरलंय. तो स्वतः यापेक्षा वेगळं काय करत होता? "धरा, धरा. गडबड करू नका, न्हायतर कडा उचलती," असा त्यानं सल्लाही दिला. डॉक्टर हसले. फुगा पुन्हा काढून घेतलाय हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही, कारण तो आत ठेवत नाहीत हे त्यांच्या दृष्टीनं लहान मुलालाही कळण्यासारखं होतं. आणि विचारायचं गुरुबसप्पाला सुचलं नाही, कारण गोष्ट त्याच्याच धंद्यातली होती. तीस वर्षं हवेत काढलेल्या माणसानं हवेबद्दल दुसऱ्याला काय विचारायचं?

अशा रीतीनं एक पाय साफ बरा होऊन सोलापूरला परतला, आणि त्याच्या मालकाला त्याचा पत्ताच नव्हता.

सत्तर पौंड हवा भरलेली नाजूक वस्तू घेऊन सोलापुरात राहणं म्हणजे काय, हे सायकलवाल्यालाच ठाऊक. इथल्या उन्हात उभी केलेली सायकल दुपारी फाटदिशी आवाज करते आणि मालक कपाळाला हात लावतो. म्हणून गुरुबसप्पा उन्हात जाईना. गेलाच तर सावली-सावलीनं जायचा आणि ईरम्मा त्याच्या मांडीवर ओलं फडकं टाकायची. बाभळीच्या बाजूचा रस्ता बंद. शिंप्याच्या दुकानात पाऊल टाकणं बंद, कारण तिथं सुया. मांडी घालून जेवणं बंद, घडी पडलेली ट्यूब तिथंच चिरते. पंगतीत तो डावा पाय लांब सोडून बसायचा आणि वाढणारे त्याला वळसा घालून जायचे.

गल्लीनं हा फुगा डोक्यावर घेतला. शेजारची काशम्मा येऊन मांडीला कान लावून गेली आणि आतून शिट्टीसारखा आवाज येतो म्हणाली. वाल्व कुठं बसवलाय यावर पानपट्टीपाशी दोन तट पडले. पायात हवा असलेला माणूस तळ्यात बुडणार नाही, असा एक शोध लागला आणि तो सिद्धेश्वर तळ्यावर सिद्ध करून दाखवायला गुरुबसप्पाला गळ घालण्यात आली. ईरम्मानं झाडू उगारल्यावर तो विषय संपला.

डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं? चालायचा की. पण हिशेबानं. पूर्वी एकशेसाठाला दुखायचं, तेव्हा आता शंभरावरच थांबायचं, म्हणजे फुग्यावर ताण येत नाही. शंभर मोजायची, पायाला दम खाऊ द्यायचा, परत शंभर. त्यामुळं एकशेएकाव्या पावलाला काय होतं, हे त्याला दोन महिने कळलंच नाही. रस्त्यातल्या चौकशा मात्र वाढल्या. पूर्वी ज्यांच्या दुकानापुढं तो थांबत नव्हता त्यांच्याही आया आता त्याच्या यादीत आल्या, आणि निवडणुकीची बातमी पक्कीच झाली.

दिवाळीनंतर काठीचा सराव सुरू झाला. धुळाप्पा अण्णा पुन्हा घरी आले. चहा झाला.

"मग, गुरुबसा? पट्टा बांधणार?"

हा प्रश्न येणार हे गुरुबसप्पाला माहीत होतं. मुंबईला गेला तो याच प्रश्नासाठी गेला होता. पण सायकलच्या कॅरिअरवर गव्हाचं पोतं टाकून नेणाऱ्यांचं काय होतं, ते त्यानं तीस वर्षं पाहिलं होतं. त्या फुग्यावर काठीचा भार? आणि भर रस्त्यात तो फुटला तर? या वेळी काठी नुसती कलणार नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "माज्यानं न्हाय व्हायचं. निंगप्पाला द्या."

धुळाप्पा अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले. त्या दिवशी गुरुबसप्पा जेवला नाही. पाय बरा करून आणलेला माणूस असा रडतो कशाला, ते ईरम्माला कळेना, आणि तिलाही रडू आलं. बापानं दिलेला टप्पा आपण आपल्या तोंडानं दुसऱ्याला दिला, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी बिडीची आठवण झाली. त्यानं एक लवंग तोंडात टाकली आणि दात आवळून बसून राहिला.

डिसेंबर उजाडला आणि नवीनच काळजी सुरू झाली. कुठल्याही ट्यूबची हवा पंधरा दिवसांत उतरते. चांगल्यातली चांगली घ्या, महिना धरा. इथं तर अडीच महिने झाले! तपासायचं कसं? पाण्याच्या घमेल्यावर त्याचा विश्वास नव्हता. राहिली मिशी. एका सकाळी ईरम्मा आत आली तर नवरा पलंगावर वेटोळं होऊन, मान मोडून, मिशी स्वतःच्या जांघेपर्यंत न्यायची धडपड करत होता. मिशी त्याची, पाय त्याचा, पण दोघांची गाठ काही पडेना.

"अय्यो शिवा! काय चाललंय ह्ये?"

"हवा उतरली का बघतोय. तुला मिशी असती तर तुलाच सांगितलं असतं."

ईरम्मानं यावर काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मात्र तिनं तासाभरात रिक्षा बोलावली. गुरुबसप्पानं दुकानातला सगळ्यात चांगला पितळी पंप पिशवीत घातला, हवा मोजायचं मीटर घातलं, आणि दोघं सात रस्त्यावरच्या डॉक्टरांकडं हजर झाले. पंप टेबलावर ठेवून गुरुबसप्पा म्हणाला, "डॉक्टर, मुंबई लांब पडती. वाल्व कुठाय तेवढं दावा, हवा मी माजी भरतो."

डॉक्टरांनी पंपाकडं पाहिलं. मीटरकडं पाहिलं. गुरुबसप्पाकडं पाहिलं. मग त्यांनी सावकाश प्रश्न विचारत ओलं फडकं, सावली, सुया आणि शंभर पावलं असं सगळं काढून घेतलं, आणि त्यानंतर ते जे हसायला लागले ते खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन हसले, परत येऊन बसले आणि परत हसले. कंपाउंडर पाणी घेऊन धावत आला.

"अहो गुरुबसप्पा, फुगा नाहीये तुमच्या पायात! फुगवला, घाण दाबली, अर्ध्या मिनिटात रिकामा केला आणि बाहेर ओढून घेतला. त्याच दिवशी!"

एवढी आनंदाची बातमी, पण गुरुबसप्पाचा चेहरा पांढरा पडला.

"फुगा न्हाय? मग वाट कशावर उघडी हाय?"

"तिच्या तिच्यावर."

"आत काहीच न्हाय?"

"रक्त आहे. इकडं या." डॉक्टरांनी त्याच्याच हाताची दोन बोटं धरली आणि त्याच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवली. "दाबू नका. नुसतं टेकवा. कळतंय?"

गुरुबसप्पानं डोळे मिटले. मिशीखालून ट्यूब फिरवताना जसा तो सगळं अंग गोळा करून बसायचा, तसा बसला. आधी काही कळेना. मग बोटाखाली काहीतरी हललं. परत हललं. टुक, टुक, टुक. याच जागी या डॉक्टरांनी एवढा वेळ बोट धरून मान हलवली होती, तिथं आता आतून कुणीतरी न थांबता दार वाजवत होतं.

"ईरम्मा," त्यानं हाक मारली, आणि तो लहान मुलासारखा रडला. ईरम्मा एका हातानं त्याला थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं पितळी पंप पिशवीत कोंबत होती.

रिक्षा परत पाठवली. गुरुबसप्पा चालत निघाला. शंभर झाली, पाय चाललाच. एकशेसाठ, पाय चाललाच. दोनशे, तीनशे! मागून ईरम्मा "अवो, निधान! अवो, हळू की!" म्हणत पदर सांभाळत पळत होती. भांड्याच्या दुकानावरून तो सरळ गेला. शिंपी सदऱ्याचं कापड दाखवायला बाहेर आला, त्याच्यावरून सरळ गेला. गिरणीवाल्यानं आपणहून सांगितलं की आईचा गुडघा बरा आहे, तर त्याला हात करून सरळ गेला. हारवाला तर भयंकर दुखावला. "निवडणूक संपली वाटतं," तो गिऱ्हाईकाला म्हणाला, "आता कोण विचारतो आपल्याला!"

गुरुबसप्पा घरी न जाता थेट धुळाप्पा अण्णांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. धाप लागली होती, पण पोटरी गप्प होती.

"अण्णा, फुगा न्हाय."

"फुटला?" अण्णा उठूनच उभे राहिले.

"न्हाय वो, नव्हताच! काढला होता. वाट मोकळी हाय. माजा टप्पा मला परत द्या."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. "फुगा हाय म्हनलास, तवा ऐकलं. आता न्हाय म्हणतोस. कुणाचं खरं धरू? शबुद निंगप्पाला दिलाय. आन काठी काय तुज्या-माज्या घरची न्हाय, गावाची हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आठ दिस सरावाच्या काठीबरोबर नुस्तं चाल. कुटं बी थांबायचं न्हाय, कुणाच्या आईला विचारायचं न्हाय. मी संगं चालणार."

आठ दिवस सत्तरीचे अण्णा आणि बावन्न वर्षांचा गुरुबसप्पा सरावाच्या काठीमागून चालले. अण्णा तोंडाकडं बघायचे नाहीत, सगळा वेळ डाव्या पायाकडं बघायचे. नवव्या दिवशी त्यांनी निंगप्पाकडं नुसतं पाहिलं. निंगप्पानं इतक्या घाईनं कमरेचा पट्टा सोडला की सगळे हसले. मागच्या वर्षी काठी धरली तेव्हापासून त्या बापड्याच्या मनात धसका होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. गुरुबसप्पानं पट्टा कपाळाला लावला आणि कमरेला बांधला.

डॉक्टरांनी अनवाणी चालायला आधी साफ नाही म्हटलं, मग पायाला एक ओरखडाही येऊ द्यायचा नाही अशी तंबी दिली. ती तंबी ईरम्मानं मनावर घेतली. यात्रेच्या सकाळी तिनं आणि काशम्मानं त्या चारशे पावलांचा रस्ता असा झाडला की खडा म्हणून औषधाला राहिला नाही, आणि वरून रांगोळीच्या पायघड्या घातल्या. काठी मागच्या वर्षी जिथं कलली होती, तिथं तिनं रांगोळी सगळ्यात मोठी काढली आणि तिथंच ती उभी राहिली.

अंगात पांढरी बाराबंदी घातलेला गुरुबसप्पा पुढं झाला. काठी त्याच्या कमरेत आली. हलग्या कडाडल्या, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" म्हणून गर्दीनं आरोळी दिली. त्यानं मनाशी ठरवलं होतं, पावलं मोजायची. पोस्टकार्डावर आकडा लिहायचा होता. एक, दोन, तीन. अण्णा पुढं उलटे चालत होते. "निधान... निधान..." वर शेंडा निळ्या आभाळात सरळ उभा होता. बावीस, तेवीस. कुणीतरी गच्चीतून फुलं टाकली. गर्दीत हारवाला गळा काढून ओरडत होता, शिंपी दोन्ही हात जोडून उभा होता. ती मोठी रांगोळी आली. ईरम्माचा चेहरा दिसला, आणि मागं गेला.

"गुरुबसप्पा! अरं सोड की! टप्पा संपला!"

पुढचा गडी त्याचे हात काठीवरून सोडवत होता. धुळाप्पा अण्णा लाल झाले होते. "वीस पावलं जास्त न्हेलीस! दुसऱ्याच्या मानातली वीस पावलं! गाढवा!" असं म्हणता म्हणता त्यांनी त्याला उराशी धरलं, आणि मग अण्णांच्या पांढऱ्या मिशा ओल्या झाल्याचं सगळ्या गावानं पाहिलं.

यात्रा उरकल्यावर गुरुबसप्पा दुकानात पोस्टकार्ड घेऊन बसला. तीन महिन्यांचे चार झाले होते. किती पावलांवर दुखतं, एवढंच लिहायचं होतं. वर्ष-दीड वर्ष त्यानं घरापासून दुकानापर्यंतचं प्रत्येक पाऊल मोजलं होतं, झोपेतसुद्धा मोजलं होतं. आता तेविसाच्या पुढचं काही आठवेना. दोन वर्षांनी आपण सातात असू की तीनात, तेही त्याला माहीत नव्हतं. त्यानं लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली, घोट्यापाशी दोन बोटं टेकवून क्षणभर खात्री करून घेतली, आणि लिहिलं:

"डॉक्टरसाहेबांना शिरसाष्टांग नमस्कार. काठी नेली. पावलं मोजायची राहून गेली, तरी माफी असावी."